नळी, काडतूस आणि खांदा

नागपुरात बसून स्वतःपुरती लांब पल्ल्याची रायफल बांधायची म्हटली, तर पहिला खर्च पोलादाचा होत नाही, वकिलाचा होतो. हिंगण्याच्या एमआयडीसीत मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत लोखंड कातून देणारे कारागीर आहेत. पंपाचा शाफ्ट सांगा, गिअरचा पिनियन सांगा, दोन दिवसांत हातात पडेल. रायफलची नळी सांगितली तर त्यातला शहाणा माणूस चहा पाजून वाटेला लावेल. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमानुसार परवान्याशिवाय बंदूक बनवता येत नाही, विकता येत नाही, तिचं रूपांतर करता येत नाही, दुरुस्ती आणि चाचणीसुद्धा करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे आणि ती जन्मठेपेपर्यंत वाढू शकते. शस्त्राचे सुटे भागही कायद्याच्या व्याख्येत शस्त्रच आहेत. म्हणजे ‘थोडं थोडं करून जमवू’ ही आपली घर बांधण्याची रीत इथे चालत नाही.

अमेरिकेत हाच उद्योग शनिवार-रविवारचा छंद आहे. तिथला हौशी माणूस एका कंपनीची अॅक्शन, म्हणजे काडतूस नळीत बसवून मागून दार लावणारी यंत्रणा, घेतो. नळी दुसरीकडून, दस्ता तिसरीकडून, चाप चौथीकडून. सॅव्हेज कंपनीच्या रायफलींत नळी एका मोठ्या नटाने अॅक्शनला आवळलेली असते, त्यामुळे ती बदलायला बंदूकसाज कारागिराकडे जावं लागत नाही, आणि काटकसरी लोकांमध्ये या रायफली प्रिय होण्याचं ते एक मोठं कारण. या हौशी मंडळींनी पैसे वाया घालवून घालवून जे शहाणपण मिळवलंय ते मात्र आपल्याही उपयोगाचं आहे. नवखा माणूस सगळा पैसा दिसण्यावर घालतो: दस्त्याचा रंग, दुर्बिणीचा आकार, नळीच्या तोंडावरचं नक्षीकाम. मुरलेला माणूस आधी नळी बघतो, मग काडतूस बघतो, मग स्वतःचा खांदा. बाकीचं सगळं जुनं आणि दुसऱ्याच्या हातचं चालतं.

कायद्याने नागपूरकराला काय बाळगता येतं ते एकदा पाहून घेऊ. शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. वय २१ पूर्ण हवं, पोलिसांची पडताळणी हवी, शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला हवा. एका परवानाधारकाला आता जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात, आधी तीन चालत. खेळाडूंना वेगळी सवलत आहे. सैन्याच्या मापाची काडतुसं, म्हणजे .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटर, सामान्य परवान्यावर मिळत नाहीत. ब्रिटिशांनी ही वाट बंद केली ती साध्या हिशोबाने: सरकारी बराकीतून चोरलेलं काडतूस खाजगी बंदुकीत बसूच नये. मग .३०३ च्या ली-एनफील्डचीच यंत्रणा ठेवून ८ मिलिमीटरच्या जातीचं .३१५ काडतूस हिंदुस्थानासाठी पुढे आलं. स्वातंत्र्यानंतर ती रायफल बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात बनत राहिली आणि तिची काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातून येत राहिली. पितळी बुडावर ‘केएफ’ अशी दोन इंग्रजी अक्षरं. विदर्भातल्या मालगुजारांच्या वाड्यांत जी जुनी रायफल भिंतीवर टांगलेली दिसते ती बहुधा हीच. दणकट, वजनदार, धूळ आणि चिखल सोसणारी. पण पाचशे मीटरवर बशी फोडण्याची अपेक्षा तिच्याकडून करू नये. तिचा जन्म त्यासाठी झालेला नाही.

आणि झाला असता तरी ती चालवायची कशावर? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा प्रश्न मिटवला. पीक तुडवणाऱ्या रानडुकरासाठीसुद्धा वनखात्याची परवानगी लागते. हजार मीटर मोकळं मैदान, मागे गोळी अडवणारा मातीचा बंधारा आणि नागरिकाला प्रवेश, या तीन गोष्टी विदर्भात एकत्र मिळणं कठीण. कामठीला गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे, तिथला फायरिंग बट लष्कराचा.

तरीही या शहराचा आणि लांब पल्ल्याच्या रायफलीचा संबंध जुना आहे, आणि तो मोठा मजेदार आहे.

१८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला आणि नागपूर त्याची राजधानी झाली. पुढच्या वर्षी आलेले चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी सातपुड्याची जंगलं पाहायला जेम्स फोरसिथ नावाचा एक तरुण लष्करी अधिकारी धाडला. पचमढीचं पठार इंग्रजांच्या नकाशावर ठळक झालं ते याच्यामुळे. तिथला बायसन लॉज त्याचाच. त्याचं ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे पुस्तक १८७१ मध्ये आलं, त्याच वर्षी तो वारला, आणि आजही मेळघाट-पेंचकडे जाणारे अभ्यासक ते चाळतात. त्याचं आधीचं पुस्तक फारसं कुणाला आठवत नाही. ते १८६३ चं, आणि विषय शिकारी रायफल व तिच्या गोळ्या.

फोरसिथपुढचा प्रश्न असा होता. त्या काळी लांबुळक्या शिशाच्या गोळीचा बोलबाला झाला होता. ती दूर जाई, वाऱ्याला कमी बधे, सैन्यासाठी उत्तम. पण ती जड आणि हळू. तिची वाट कमानीसारखी वाकडी, म्हणून शिकाऱ्याला अंतर अचूक ओळखून माशी, म्हणजे नळीवरची नेमाची खूण, वर-खाली करावी लागे. बांबूच्या बेटातून गवा बाहेर पडतोय, तो ऐंशी यार्डांवर आहे की एकशे वीस, याचा विचार करायला वेळ कुठला? फोरसिथने उलटी वाट धरली. त्याने जुनी गोल गोळी घेतली आणि तिच्यामागे भरपूर दारू घातली. वेग वाढला की कमान सपाट होते, जंगलातल्या नेहमीच्या अंतरात माशी हलवावी लागत नाही.

अडचण एकच होती. नळीच्या आतले आटे गोळीला फिरकी देतात. आटे घट्ट पिळाचे असले आणि मागून धक्का जोरदार बसला, तर मऊ शिशाची गोळी आट्यांत न फिरता त्यांच्यावरून सरळ घसरत निघते. फिरकी मिळाली नाही की नेम गेला. फोरसिथचं म्हणणं होतं, मग पीळच सैल करा. गोल गोळीला स्थिर राहायला मुळात फार थोडी फिरकी पुरते. सैल पिळाच्या नळीत कितीही दारू भरा, गोळी आटे सोडत नाही.

पुढे काही वर्षांतच मागून भरायच्या रायफली आल्या आणि त्याची गोल गोळी अडगळीत गेली. इतिहासाने त्याला हरवलं म्हणायला हरकत नाही. मला मात्र त्याच्या विचाराची पद्धत आजच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा कामाची वाटते. कारखान्याने दिलेल्या बंदुकीभोवती त्याने आपली गरज वाकवली नाही. आधी विचारलं, किती अंतर, कसली झाडी, किती क्षण हातात? मग गोळी ठरवली. गोळीवरून पीळ ठरवला. पिळावरून नळी.

फोरसिथनंतर काही वर्षांनी, १८७९ मध्ये, वुलविच इथले गणिताचे प्राध्यापक जॉर्ज ग्रीनहिल यांनी हाच संबंध सूत्रात बांधला. गोळी जितकी तिच्या जाडीच्या मानाने लांब, तितका पीळ घट्ट हवा. गोळीच्या व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणा, लांबीने भागा, सगळी मापं इंचांत, की एका पूर्ण वेढ्याला नळीची किती इंच लांबी लागेल ते साधारण कळतं. ऑलिंपिकमधल्या .२२ च्या गोळीसाठी उत्तर सोळा इंचांच्या आसपास येतं, आणि जगभरच्या .२२ रायफलींत पीळ खरोखरच सोळा इंचांना एक वेढा असा असतो. ही गोळी सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने सुटते. सोळा इंच म्हणजे जवळपास ४१ सेंटिमीटर. भागाकार केला तर ती सेकंदाला आठशे वेढे घेत निघते. इवलीशी, अडीच ग्रॅमची शिशाची गोळी.

लांब पल्ला म्हणजे हजार मीटर, अशी समजूत चित्रपटांनी करून दिली आहे. पल्ला मीटरांत मोजण्यापेक्षा अवघडपणात मोजावा. हीच .२२ ची गोळी पन्नास मीटरला पोचेपर्यंत सेकंदाचा साधारण सहावा भाग जातो आणि तेवढ्यात ती बारा सेंटिमीटर खाली पडते. ताशी दहा किलोमीटरचा आडवा वारा, म्हणजे झाडाची पानं हलवण्यापुरता, तिला दीड-दोन सेंटिमीटर बाजूला नेतो. आणि पन्नास मीटरच्या लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ केवढं? १०.४ मिलिमीटर. तीनशे मीटरच्या स्पर्धेत तेच वर्तुळ १०० मिलिमीटरचं असतं. कोनात मोजलं तर पन्नास मीटरचं वर्तुळ तीनशेच्या वर्तुळाहून बरंच लहान भरतं. जड, वेगवान गोळीचा हजार मीटरवाला जे वाऱ्याचं गणित करतो, ते सगळं .२२ वाला पन्नास मीटरवर करतो, आणि त्याचं काडतूस बरंच स्वस्त पडतं. अमेरिकेतले काटकसरी नेमबाजसुद्धा मोठ्या रायफलीचा सराव .२२ वर करतात.

म्हणून नागपुरातल्या माणसाने कमी खर्चात लांब पल्ल्याच्या मागे लागायचं ठरवलं तर रस्ता एकच दिसतो, खेळाचा. रायफल क्लब, दहा मीटरची एअर रायफल, मग पन्नास मीटर. आणि इथे रायफल ‘बांधणं’ म्हणजे काय, हे समजून घेण्यासारखं आहे.

पन्नास मीटरच्या खेळात अव्वल रायफली जर्मनी आणि स्वित्झर्लंडमधून येतात: आन्शुट्झ, वाल्थर, फाइनवेर्कबाउ, ब्लाइकर. किंमत लाखांत. पण एकाच कारखान्याच्या, एकाच यंत्रावर, एकाच दिवशी कातलेल्या दोन नळ्या सारख्या वागत नाहीत. काडतुसांचंही तेच. इंग्लंडची इली, जर्मनीची आरडब्ल्यूएस, फिनलंडची लापुआ या कंपन्या उत्तम माल काढतात, तरी प्रत्येक घाण्याला लॉट क्रमांक असतो आणि लॉटागणिक स्वभाव बदलतो. एका नळीतून जो लॉट एका भोकात गोळ्या घालतो, तोच शेजारच्या रायफलीतून पसरतो. का? थोडं माहीत आहे. गोळी सुटताना नळी तारेसारखी थरथरते आणि तोंडाशी तिचं टोक त्या क्षणी वर आहे की खाली, यावर गोळीची दिशा ठरते. दारूच्या कणांत, गोळीवरच्या मेणात, पितळी कडेच्या जाडीत केसभर फरक पडला की सुटण्याचा क्षण बदलतो. कुठला लॉट कुठल्या नळीशी जमेल हे कागदावर आधी सांगता येत नाही. झाडून पाहावं लागतं.

म्हणून या कंपन्यांनी चाचणीच्या बोगद्यांसारख्या रेंज उभारल्या आहेत. नेमबाज आपली रायफल घेऊन जातो, ती पकडीत आवळून लॉटामागून लॉट झाडतात, पडद्यावर गोळ्यांचे गुच्छ उमटतात. सगळ्यात लहान गुच्छ ज्या लॉटाचा, तो लॉट मिळेल तितका विकत घ्यायचा. ऑलिंपिकपूर्वी असे काही हजार नग बांधून ठेवणारे खेळाडू आहेत. बजेटवाल्या नागपूरकराला जर्मनीला जायची गरज नाही. एअर रायफलच्या छऱ्यांमध्येही डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर अशा मापांनी वेगळा मिळतो. वेगवेगळ्या मापांचे थोडे थोडे छर्रे मागवून, रायफल टेकवून, प्रत्येकाचा गुच्छ कागदावर काढायचा. एक दुपार जाते. त्या दुपारीने जितके गुण वाढतात तितके नवी रायफल घेऊनही वाढतीलच असं नाही. आणि हे करणारे फार थोडे, हेही खरं. रायफल नवी घेतल्याचं गावभर सांगता येतं, छऱ्याचं माप बदलल्याचं कोण ऐकणार?

बंदूक किती अचूक आणि माणूस किती, हे वेगळं काढून पाहण्याची हौस जुनी आहे. १८६० मध्ये विम्बल्डनच्या मैदानावर इंग्लंडच्या रायफल असोसिएशनची पहिली स्पर्धा राणी व्हिक्टोरियाच्या हस्ते सुरू झाली. इंजिनिअर व्हिटवर्थने बनवलेली रायफल लोखंडी पकडीत आवळून नेमली होती, राणीने फक्त रेशमी दोरी ओढली. चारशे यार्डांवर गोळी मध्यापासून सव्वा इंचाच्या आसपास लागली. लोकांनी टाळ्या पिटल्या असतील, पण त्या व्हिटवर्थला. राणीच्या जागी कुणीही असता तरी चाललं असतं. माणसाच्या खांद्यावर रायफल आली की हा सगळा हिशोब बिघडतो, आणि पैसे नसलेल्या खेळाडूला सुधारणेची सर्वांत मोठी जागा तिथेच सापडते.

एखाद्या मुलीला नव्या क्लब-रायफलीवर उभं केलेलं जवळून पाहा. ती रायफल खांद्याला लावते, गाल दस्त्यावर टेकवते आणि मागच्या बारीक भोकातून डोळा लावते. गालपट्टी चार मिलिमीटर खाली असली तर डोळा भोकाच्या रेषेत येत नाही. मग ती मान वाकवते. मान वाकली की तिथला स्नायू ताणला जातो, पंधराव्या-विसाव्या गोळीनंतर तो थरथरू लागतो, आणि पुढच्या वर्तुळाकार माशीत दिसणारा काळा ठिपका हलायला लागतो. कोच मग बारीक अॅलन चावी घेऊन गालपट्टी वर करतो. खांद्याला टेकणारी पट्टी थोडी फिरवतो, जेणेकरून धक्का गळ्याच्या हाडावर न येता खांद्याच्या खोबणीत जाईल. दस्त्याची लांबी कमी करतो. डाव्या हाताचा टेकू एक खूण मागे घेतो. मग तिला डोळे मिटायला सांगतो, रायफल उचलायला सांगतो, दोन श्वास, डोळे उघड. ठिपका आपोआप मध्ये आला असेल तर जुळणी झाली. बाजूला असेल तर रायफल ढकलून मध्ये आणायची नाही, पाय हलवायचे. हे सगळं फुकट आहे. चावीचे काय ते चाळीस-पन्नास रुपये.

कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं. भारताचं या प्रकारातलं पहिलं ऑलिंपिक पदक. तो प्रकार नीट पाहिला तर कळतं की एकाच सामन्यात खेळाडू आपली रायफल तीनदा नव्याने बांधतो. आधी गुडघ्यावर, मग पालथं, मग उभं राहून. तिन्ही आसनांत मान, खांदा, हात यांची जागा निराळी. म्हणून आसन बदलताना खांदापट्टी बदलते, गालपट्टी वर-खाली होते, नळीवरची वजनं सरकतात, हाताचा टेकू निघतो आणि बसतो. घड्याळ चालू असतं. कुठला स्क्रू किती आटे फिरवायचा हे खेळाडूच्या वहीत लिहिलेलं असतं आणि बोटांना पाठ असतं. कुसाळे पात्रता फेरीत ५९० गुणांनी सातवा होता. अंतिम फेरीत गुडघ्यावर आणि पालथ्याने तो मागेच होता. उभ्याने तिसऱ्या जागेवर सरकला, ४५१.४ वर थांबला. उभं राहून आठ किलोपर्यंतचं वजन धरणं हे सर्वांत अवघड आसन, आणि तिथेच त्याने माणसं मागे टाकली.

त्याची तयारी नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली, म्हणजे सरकारी खर्चात. पुढे मध्य रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी. वडील शिक्षक. काडतुसांसाठी त्यांना कर्ज काढावं लागलं होतं, हे पदकानंतर महाराष्ट्राला कळलं. कर्ज काडतुसांसाठी होतं, हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. रायफल एकदा येते, काडतूस रोज जातं. त्याच कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला पन्नास मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथ्याने, ६०० पैकी ५९७ गुणांसह जगज्जेती झाली, जागतिक विक्रमाची बरोबरी करून. तिच्याही सुरुवातीच्या वर्षांची गोष्ट उसन्या रायफलींची आहे. रायफल उसनी असली तरी जुळवून घेता येते, अट एवढीच की ती रोज तीच मिळाली पाहिजे.

उसन्या रायफलीची ही पद्धत अपघाताने आलेली नाही. भारतीय राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली तेव्हा तिचे अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती ग. वा. मावळंकर, मूळचे रत्नागिरीकडचे, कर्मभूमी अहमदाबाद. राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवरची मावळंकर स्पर्धा आजही त्यांच्या नावाने होते. बंदूक क्लबची, काडतूस कोट्यातलं, गुण खेळाडूचे, अशी ही घडी. विशिष्ट गुणांच्या पुढे गेलेल्या खेळाडूला नामांकित नेमबाजाचा दर्जा मिळतो आणि परदेशातून शस्त्र व काडतुसं आणण्याची वाट उघडते. बाकीच्या नागरिकांना ती जवळपास बंद आहे. एनसीसीत .२२ रायफल हाती आलेली पोरंही याच वाटेने येतात. अंजली भागवत एनसीसीतूनच वरळीच्या रेंजवर पोचल्या आणि २००० साली सिडनीत अंतिम फेरीत उतरल्या.

नागपूरच्या खेळाडूची एक वेगळी डोकेदुखी आहे, हवा. जानेवारीच्या सकाळी पारा दहावर, मे महिन्याच्या दुपारी पंचेचाळीसवर. एवढ्या फरकाने हवेची घनता सुमारे अकरा टक्क्यांनी उतरते. विरळ हवेत गोळी कमी अडते, म्हणजे थोडी वर लागते. दारूही तापते आणि जरा जोराने जळते. .२२ चं स्पर्धेचं काडतूस मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या किंचित खाली ठेवतात, कारण ती सीमा ओलांडताना गोळी डळमळते. आवाजाचा वेगही उन्हात वाढतो: दहा अंशांना सेकंदाला सुमारे ३३७ मीटर, पंचेचाळीसला ३५७. म्हणजे जी गोळी हिवाळ्यात सीमेच्या अगदी काठावर असते ती उन्हाळ्यात निवांत असते. तेवढ्यापुरतं नागपूरचं ऊन खेळाडूच्या बाजूचं. पण तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेच्या लहरींमुळे ठिपका पाण्यातल्यासारखा हलतो आणि डोळा थकतो. लाकडी दस्त्याचंही तसंच. पावसाळ्यात फुगतो, मार्चपासून आक्रसतो, आणि त्याने नळीला किंवा अॅक्शनला कुठे नवा दाब दिला की हिवाळ्यात साधलेला नेम सरकतो. अॅल्युमिनियमच्या दस्त्यांचा प्रसार वाढला तो काही केवळ दिसण्यासाठी नाही. लाकडी दस्त्याची रायफल पदरी आली तर निदान नळी दस्त्याला कुठे टेकत नाही ना, हे कागदाची पट्टी मधून सरकवून पाहावं.

खर्चाचा क्रम मग असा लागतो. दहा मीटरपासून सुरुवात, कारण ४.५ मिलिमीटरच्या आणि वीस ज्यूलपर्यंतच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही आणि स्पर्धेची एअर रायफल जेमतेम सात-आठ ज्यूलची असते. पहिलं वर्ष रायफल क्लबची. स्वतःचे पैसे जाकिटावर, बुटांवर आणि छऱ्यांवर. घरी भिंतीवर कागदाचा ठिपका चिकटवून कोरा सराव. यात एक छर्रा खर्च होत नाही आणि चाप दाबतानाची प्रत्येक चूक दिसते. नेमबाजांच्या घरात या ठिपक्याच्या जागा भिंतीवर ओळखू येतात. खेळ जमतोय असं कोचला वाटलं की .२२, तेही आधी क्लबच्या परवान्यावर. नागपूरहून पन्नास मीटरच्या चांगल्या रेंजसाठी पुण्याच्या बालेवाडीला जाण्याचा रेल्वेखर्च या टप्प्यावर अंदाजपत्रकात धरावा लागतो. तो रायफलीच्या हप्त्याइतका होतो, आणि नवख्या पालकांच्या यादीत तो कधीच नसतो.

स्वतःची रायफल घ्यायची तर जुनी घ्यावी. मोठ्या, वेगवान काडतुसांच्या नळ्या लवकर झिजतात; परदेशातल्या हजार मीटरवाल्यांच्या आवडत्या ६.५ क्रीडमूरची नळी दोन-तीन हजार गोळ्यांत उतरणीला लागते. .२२ मध्ये दाब कमी, गोळी शिशाची, मेणाचा लेप लावलेली. तिची नळी नीट साफ ठेवली तर हजारो गोळ्या झाडूनही गुच्छ सांभाळते. त्यामुळे राज्यपातळीवर खेळून निवृत्त झालेल्या एखाद्याची दहा-पंधरा वर्षं वापरलेली आन्शुट्झ ही वाईट खरेदी नसते. घेण्याआधी ती टेकवून, हातातल्या लॉटाचे पाच-पाच गोळ्यांचे काही गुच्छ काढावेत, गालपट्टीचे आणि खांदापट्टीचे स्क्रू आट्यांत घट्ट बसतात का ते पाहावं, चाप शंभरदा दाबून पाहावा. भाव त्यानंतर. आणि विकणाऱ्याचा परवाना, घेणाऱ्याचा परवाना, दोन्हींवरची नोंद आणि परवाना देणाऱ्या कार्यालयाला दिलेली लेखी सूचना, हे होईपर्यंत रायफल जिथे आहे तिथेच राहते, पैसे पूर्ण चुकते केले असले तरी.